उघड्या दाराचं गोदाम

ती केस मला आजही आठवते, आणि आठवते ती एका नसलेल्या कुलपामुळे. नोकरीत मी पुष्कळ कुलपं तोडली आणि पुष्कळ लावलीही. पण दार सताड उघडं, पहारा कुणाचा नाही, आणि तरी आतली माणसं बाहेर पडत नाहीत, असा प्रकार मी त्याआधी पाहिला नव्हता. नंतरही कधी पाहिला नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. त्यामुळे आम्हा पोलिसांची बदली चांद्याच्या जंगलापासून बुलढाण्याच्या घाटापर्यंत कुठेही व्हायची. चांद्याकडे काही वर्षं काढून मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्यावर ठाणेदार म्हणून आलो होतो. चांद्याची ती वर्षं मला शिक्षेसारखी वाटली होती, पण या केसमध्ये तीच कामाला आली.

ठाणं म्हणजे कौलारू खोल्या, पुढे पडवी आणि पडवीत एक बाक. सकाळी हजेरी, कोठडीतल्यांना चहापाणी, रोजनामच्यात नोंद, आणि मग बाकावर येऊन बसलेल्यांची गाऱ्हाणी. आमचे जमादार रोहिणखेडचे, वयानं मला वडिलांसारखे, दाढी पिकलेली. बाकावरच्या माणसाकडे एकदा बघून ते हळूच सांगायचे, हा बांधाचा, हा बैलाचा, हे नवरा-बायकोचं. बहुधा ते खरं निघायचं.

उन्हाळ्याचे दिवस होते. त्या सकाळी बाकावर एक बाई बसली होती. वांगी-मेथीचा मळा असलेल्या माळ्याच्या घरची, पदर नीट खोचलेला, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकरी. जमादारांनी नजरेनंच मला सांगितलं, नवरा-बायकोचं.

"माह्या मालकाले डांबून ठेवलं, साहेब. सोडवून आना," ती म्हणाली.

"कुणी डांबलं?"

"डाक्टरनं. जिनाच्या गोदामात. मी भाकर घेऊन गेलती. भरीत केलं होतं, त्यायच्या आवडीचं. हात नाही लावला. घरी चला म्हनलं, तं खाली पाहून राह्यले. दार तं उघडंच होतं."

"दार उघडं होतं, मग डांबलं कसं म्हणता, बाई?"

"थेच तं तुमाले इचाराले आली," ती म्हणाली. मग आवाज खाली करून तिनं खरी गोष्ट सांगितली. "उठताना त्यायनं भुईले दोन्ही हात टेकले. मोट हाकनारा मानूस हाये, साहेब. दिवसभर बैलायमांगं धावेवर चालते. त्याले उठाले हात काऊन लागावं?"

जमादारांचं मत बदललं नाही. घरात काही बिनसलं असेल, रुसून बसला असेल, चार दिवसांनी येईल. मी तक्रार लिहून घेतली आणि बाईला घरी पाठवलं. खरं सांगायचं तर मलाही तेव्हा फार काही वाटलं नव्हतं.

मग अमडापूरच्या बाजाराला बंदोबस्तासाठी गेलो असताना एक गाडीवान भेटला. अधूनमधून बातमी आणणारा माणूस होता तो. रेल्वे स्टेशनावरून त्या गोदामात पोती पोचवायचं काम त्याच्याकडे होतं. चहा पिता पिता तो म्हणाला, "डाय हाये, साहेब, पन आपल्याकडची नोहे. तुरीची नाही, हरभऱ्याची नाही. माह्या बैलायनंही हुंगून सोडून देली." त्यानं धोतराच्या सोग्याची गाठ सोडून पोत्यातून सांडलेले काही दाणे माझ्या हातावर ठेवले. चपटे, एका बाजूनं निमुळते, कुऱ्हाडीच्या पात्यासारखे.

ते दाणे मी ओळखले आणि मला चहा गोड लागेना. ती लाख होती, लाखोळी म्हणतात ती डाळ. चांद्याकडे, भंडाऱ्याकडे ती पिकते. वाईट सालात दुसरं काही हाती लागत नाही तेव्हाही पिकते, म्हणून गरीब माणूस तिच्यावर जगतो. चवीला वाईट नाही. पण महिनोन्‌महिने तीच पोटात गेली तर पाय जातात. ताप येत नाही, पोट दुखत नाही. आधी पोटऱ्या जड होतात, उठताना हात टेकावे लागतात, मग एका पायात दुसरा पाय अडकू लागतो, आणि शेवटी काठी येते. गेलेले पाय परत येत नाहीत. दोन काठ्यांवर लोंबकळत साक्षीला आलेली ती तिकडची माणसं मी पाहिली होती. आमच्या बुलढाण्यात लाख पेरतच नाहीत, त्यामुळे ती इथं कुणी ओळखणार नव्हतं. बाई बोलली ते आता कानात घुमू लागलं.

दुसऱ्या दिवशी जमादारांना घेऊन मी बाईच्या गावी गेलो. सरकी काढायच्या जिनाचा हंगाम संपलेला, गोदाम रिकामं. डॉक्टरांनी ते भाड्यानं घेतलं होतं. आत सतरंज्या, पाण्याचे रांजण, एका बाजूला मोठ्या चुली. दाराला कडी होती, पण कुलूप नव्हतं. फाटक उघडं, भिंतही अशी की शेळी उडी मारून जाईल. मी मनातल्या मनात पंचनामा करून पाहिला आणि लिहिण्यासारखं काही सापडेना.

डॉक्टर तिशी-पस्तिशीचे, किडकिडीत, बोलायला अगदी सज्जन. नागपूरकडून आलेले. त्यांनी काही लपवलं नाही. म्हणाले, "डाळीचा अभ्यास आहे. ही माणसं आपखुशीनं आलीत. दोन्ही वेळचं जेवण आम्ही देतो, घरी ज्वारी पोचवतो. कुणालाही विचारा."

मी विचारलं. डझनभर माणसं होती, बहुतेक लहान शेतकरी आणि मजूर. त्या साली विहिरींना पाणी कमी होतं, मळे निम्मे पडून होते, म्हणून दोन महिन्यांपूर्वी आलेली. त्यांच्यात एक म्हातारा होता, पूर्वी भाड्यानं गाड्या हाकणारा. तो म्हणाला, "मनानंच आलो, साहेब. तुमच्या ठान्यात असं जेवाले भेटन तं तठीही येतो." सगळे हसले. पण एक गोष्ट मला खटकली. कोंडलेला माणूस बोलताना दाराकडे बघतो. मोकळा माणूसही बघतो, सहज, कोण आलं गेलं ते पाहायला. यांच्यातलं कुणीच दाराकडे बघत नव्हतं.

बाईचा नवरा कोपऱ्यात बसला होता. मी त्याला उठायला सांगितलं. त्यानं हात टेकले. मी म्हणालो, "चल ठाण्यावर. जबानी घ्यायची आहे."

"इथंच इचारा, साहेब," तो म्हणाला.

त्या काळी ठाणेदारानं चल म्हटल्यावर न निघणारा खेडूत माझ्या पाहण्यात नव्हता. निर्ढावलेले दरोडेखोरसुद्धा निघायचे. हा साधा माळी, उभ्या जन्मात ठाण्याची पायरी न चढलेला, माझ्याकडे न बघता इथंच विचारा म्हणत होता. जमादारांच्या भुवया वर गेल्या. आपण काय बोललो ते मग माळ्यालाही कळलं असावं, कारण त्यानं हात जोडले.

आवारात एक चिंच होती. तिच्याखाली मी त्याला घेऊन बसलो आणि ती डाळ काय आहे ते सरळ सांगितलं. चांद्याकडे पाहिलेलं सगळं सांगितलं, काठ्यांसकट. त्याचा चेहरा उतरला. हात आपोआप पोटरीवर गेला. पण तो उठला नाही. मला वाटलं होतं, एवढं ऐकल्यावर तो फाटकाकडे धावत सुटेल. तपासात माझा अंदाज इतका चुकल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही.

तेवढ्यात त्याची बायको आली. गावात पोलीस आल्याचं कळायला वेळ लागत नाही. तिनं भाकरी त्याच्यापुढे धरली. त्यानं मान फिरवली. तिनं ती पुन्हा फडक्यात बांधली. मला राग आला, त्याचाही आणि माझाही.

"असं कर," मी म्हणालो. "हिच्या गळ्याला हात लाव आणि शपथ घेऊन सांग की मी इथं माझ्या मनानं राहतो. मी आत्ता निघून जातो, पुन्हा येणार नाही."

त्यानं हात उचलला नाही. मग म्हणाला, "एका तोंडानं दोन किरिया नाही घेता येत, साहेब."

किरिया म्हणजे शपथ. जमादारांनी कपाळावर हात मारला. "ऐसी बात हाये होय," ते म्हणाले, "बेलभंडारा उचलला यायनं."

मग डॉक्टरांच्या कंपाउंडरला गाठून विचारलं आणि सगळा उलगडा झाला. डॉक्टरांचा आधीचा असाच एक अभ्यास फसला होता. अंगठे उठवून आलेली माणसं मध्येच घरी जायची, बाहेर जेवून यायची, आणि सगळी मेहनत पाण्यात. या कंपाउंडरनंच त्यांना सल्ला दिला की या लोकांचा कागद कच्चा, पण किरिया पक्की. म्हणून पहिल्या दिवशी खंडोबाच्या देवळात प्रत्येकाच्या हातावर बेलाचं पान आणि भंडारा ठेवून डॉक्टरांनी वदवून घेतलं होतं. मी सांगेपर्यंत आवार सोडणार नाही, दुसऱ्या कुणाचं अन्न खाणार नाही, इथलं बाहेर बोलणार नाही. आमच्याकडे बेलभंडारा उचललेला माणूस जमीन गेली तरी शब्द फिरवत नाही. मोडला तर घरातलं माणूस जातं, अशी समजूत. तो माळी आपल्या पायांना भीत नव्हता असं नाही. तो बायकोला जपत होता.

मी थेट गुरवाकडे गेलो. देवळापुढे झाडलोट चालली होती. म्हणालो, "देवाला कौल लावून ही शपथ सोडवता येते का?"

गुरव म्हणाला, "देवानं थोडीच घेतली, साहेब? डाक्टरनं घेतली. ज्यानं घेतली त्यानंच 'सुटली' म्हनाव लागते."

"आणि मी डॉक्टरला म्हणायला लावलं तर?"

"धाकानं म्हनलेली सुटत नाही. मनातून म्हनाव लागते."

आता माझी पंचाईत पाहा. कायद्यानं कुणाला डांबलेलं नव्हतं. माळ्याला उचलून नेलं असतं तर तो कोठडीत उपाशी बसला असता, कारण माझं अन्नही त्याला चालत नव्हतं. डॉक्टरला दम देऊन उपयोग नव्हता. माझ्या कमरेला पिस्तूल होतं, खांद्यावर सरकारी बिल्ला होता, आणि एका माणसाचे पाय मात्र दुसऱ्याच्या एका शब्दावर अडले होते. तेही दिवसागणिक जड होत होते. ठाणेदारकीचा तोरा मी त्या दिवशी त्या देवळाच्या पायरीवर उतरवून ठेवला.

संध्याकाळी डॉक्टरांसमोर बसलो. ते चिडले नाहीत. थकलेले होते. म्हणाले, "तुम्ही चांद्याकडे होतात, तुम्हाला सांगायला नको. तिकडे गावंच्या गावं लंगडी झालीत. सरकार म्हणतं पेरू नका. मग खायचं काय? ही डाळ उकळून ते पाणी फेकून दिलं तर विष उतरतं असा माझा अंदाज आहे. निम्म्या लोकांना तशी देतो, निम्म्यांना साधी. फरक दिसला की लोकांना सांगता येईल, पीक सोडू नका, पाणी फेका. हजारो पाय वाचतील."

"या माणसांना पायांचं सांगितलंय?"

"ते सांगितलं तर अभ्यासच उरत नाही. उद्या सकाळी सगळ्यांचे पाय दुखायला लागतील."

"आणि न सांगता ज्याचे दुखायला लागलेत, त्याचं काय?"

ते जरा अडखळले. "माझं लक्ष आहे. खात्री झाली की थांबवणारच आहे. थोडे दिवस हवेत." मग मान वर करून म्हणाले, "मी त्यांच्याच पंगतीला बसतो, साहेब. तीच साधी डाळ खातो. जे त्यांना ते मला. माझ्यावर आणखी काय आरोप ठेवणार आहात?"

हे मला ठाऊक नव्हतं. चुलीवरच्या माणसाला विचारलं, त्यानंही हो म्हटलं. क्षणभर माझ्या मनात या माणसाबद्दल आदर दाटला. तो खोटा नव्हता, लोभी नव्हता. चोराला कसं बोलतं करायचं हे मला ठाऊक होतं. चांगल्या माणसाला त्याची चूक कशी दाखवायची, याचं शिक्षण आम्हाला कुणी दिलं नव्हतं. मग सुचलं ते विचारलं.

"तुम्ही बेलभंडारा उचललात का?"

"मी? मला काय गरज? मी तर..." आणि ते थांबले.

मी म्हणालो, "उद्या तुमच्या पोटऱ्या जड झाल्या तर तुम्ही ताट बाजूला साराल. तो सारू शकत नाही. तुम्ही एका पंगतीत बसता, डॉक्टरसाहेब, पण जेवण एक नाही."

चुलीवरचं आधण उकळत राहिलं. मग त्यांनी विचारलं, "सगळे गेले तर?" त्या प्रश्नात त्यांची कितीतरी वर्षं होती, हे मला कळत होतं. "जातील," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतःच सगळ्यांना घेऊन खंडोबाच्या देवळात गेले. बातमी लागून गावही जमलं. डॉक्टर पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी लपवलेलं सगळं सांगितलं. डाळीचं नाव, तिचा गुण, कुणाच्या ताटात उकळलेली होती आणि कुणाच्या साधी. एकही गोष्ट त्यांनी गिळली नाही. गर्दीतून कुणीतरी कडक शिवी हासडली. जमादार त्या दिशेनं दोन पावलं सरकले, मी त्यांना थांबवलं. ती शिवी डॉक्टरांनी ऐकायलाच हवी होती.

मग ते एकेकासमोर गेले, हात जोडले, आणि "सुटली" म्हणाले. सगळ्यात आधी माळ्यासमोर. म्हणताना त्यांचे डोळे भरून आले, आणि गुरवानं माझ्याकडे बघून मान डोलावली. माळी तिथंच पायरीवर बसला. बायकोनं फडकं सोडलं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला, आणि लहान मुलासारखा रडला. मी दुसरीकडे पाहिलं. ठाणेदाराच्या डोळ्यांत पाणी बरं दिसत नाही.

एकेक जण निघून गेला. कुणी डॉक्टरांकडे वळून पाहिलं नाही. शेवटी गोदामातला तो पूर्वी गाड्या हाकणारा म्हातारा उरला. तोही चालू लागला, पण घराकडे नाही. गोदामाकडे.

डॉक्टर मागे धावले. "बाबा, अहो, सुटली म्हणालो मी. तुम्ही घरी जा."

"आयकलं म्या," म्हातारा म्हणाला. "म्या भाड्यानं गाड्या नेल्या तिकडं, वैनगंगेपर्यंत. हातावर सरकनारी मानसं पाह्यली. काऊन तसे झाले थे मले आज कयलं. तुमी पानी फेकलेली डाय देजा मले. साधी नोको. अन् ज्या दिवशी पाय जड वाटन, त्या दिवशी मी पानावरून उठून जाईन. चालन का?"

"चालेल," डॉक्टर म्हणाले.

रोजनामच्यात मी लिहिलं की तक्रारीत तथ्य आढळले नाही, कोणासही डांबून ठेवलेले नव्हते. कागदावर ते खरंच होतं. जिल्ह्याच्या पोलीस कप्तानसाहेबांनी पुढे दौऱ्यात विचारलं, नेमका गुन्हा काय होता? मला सांगता आलं नाही. कायद्यात बसेल असा काहीच नव्हता.

डॉक्टरांच्या त्या अभ्यासाचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. माझी बदली झाली. त्या माळीणबाईला मात्र बदलीआधी एकदा बाजारात भेटलो. मोट चालू आहे म्हणाली. "उठताना गुडघ्यावर हात ठेवतात अजून," तिनं सांगितलं, "पन उठतात." माझ्या पिशवीत तिनं वांगी घातली, आणि नको म्हटल्यावर रागावली.

त्या गावानं मला धडा दिला तो माझ्याच धंद्याचा होता. आम्ही पोलीस दिवसभर माणसांकडून हो म्हणवून घेतो. पंचाचा अंगठा, साक्षीदाराची जबानी, आरोपीचा कबुलीजबाब, सगळं 'राजीखुशीने' असं लिहून घेतो आणि त्याखाली सही करतो. माणूस हो म्हणाला की आपलं काम झालं, असं वाटतं. पण तो हो केव्हा म्हणाला, त्याला काय सांगून म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी त्याला नाही म्हणता येत होतं का, हे आम्ही विचारत नाही. डॉक्टरही विचारत नव्हते, आणि ते तर हजारो पाय वाचवायला निघाले होते. ज्याचं काम मोठं, त्यानं तर हे जास्तच विचारावं, कारण मोठ्या कामापुढे एका माणसाचे पाय लहान दिसायला लागतात.

त्यानंतर जबानी घेण्याआधी मी उठून खोलीचं दार स्वतःच्या हातानं उघडायचो आणि समोरच्याला सांगायचो, वाटेल तेव्हा उठून जा. नवे शिपाई हसायचे. काही माणसं खरंच उठून गेली. राहिली त्यांच्या शब्दावर मी कोर्टात छातीठोक उभा राहिलो.

त्या गोदामात पुष्कळ दिवस डझनभर माणसं जेवत होती, झोपत होती. पण आपल्या पायांनी आत गेलेला पहिला माणूस तो म्हातारा.